मतभेदांचं वाटप

मोनालीचं पीएचडीचं रजिस्ट्रेशन तात्पुरतं होतं आणि ते कायम होण्याच्या आड तिचं गाव उभं होतं. गाव तिच्याच बाजूनं उभं होतं, अडचण ती होती.

विद्यापीठानं मध्यंतरी 'डिजिटल माध्यमे व सृजनशील उद्योग संशोधन केंद्र' काढलं. माहितीपत्रकावर 'संधींचे विशाल क्षितिज' असं छापलं होतं आणि त्याखाली लॅपटॉपकडे बघून हसणारी एक मुलगी होती. एम.ए. झाल्यापासून लॅपटॉपकडे बघून हसावं असं मोनालीच्या आयुष्यात काही घडलं नव्हतं, म्हणून तिनं अर्ज केला. केंद्र म्हणजे भूगोल विभागाची नकाशे ठेवायची खोली. एका भिंतीला हिरवा पडदा लावला होता. त्याच्यापुढे उभं राहिलं की माणसाच्या मागे लंडन दाखवता येतं, असं सांगत. अजून कुणी लंडन मागितलं नव्हतं. मार्गदर्शक प्रा. इंद्रकुमार हेही मूळचे भूगोलाचेच. पण विभागाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ते चालवत, त्यामुळे डिजिटलची जबाबदारी ओघानंच त्यांच्याकडे आली.

विषय ठरला : 'ग्रामीण भागातील रील-निर्मिती : एक चिकित्सक अभ्यास'. गाव ठरलं मोनालीचंच, चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं बेहडाटोला. सल्लागार समितीपुढे पहिला अहवाल मांडायचा होता. समितीला पटला तर जागा कायम, नाही तर ती प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. मग मोनालीनं कोहमाऱ्याला भाऊजींच्या दुकानात बसून लोकांच्या मोबाईलला काच चिकटवायची, असं घरात न बोलता ठरून गेलेलं होतं.

संशोधनपद्धतीच्या पुस्तकात लिहिलं होतं की उत्तरदात्यांना पूर्वसूचना द्यावी. मोनालीनं पूर्वसूचना दिली. अख्खी प्रश्नावली गावाच्या ग्रुपवर टाकली. प्रत्येक विधानापुढे पाच खाने : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत.

आता बेहडाटोल्याची एक रीत आहे. बाहेरून कुणी विचारायला आलं तर गावाचं उत्तर एक असतं. पूर्वी एकदा कालवा फुटला, तेव्हा पाहणीला आलेल्या साहेबांना वरच्या आळीनं एक जागा दाखवली आणि खालच्या आळीनं दुसरी. साहेबांनी दोन्हींचा मान राखून तिसऱ्याच जागी भिंत बांधली. ती अजून आहे, म्हशी तिला अंग घासतात. तेव्हापासून कुणी येणार म्हटलं की पाणी वाटप समितीचे योगराजकाका बैठक बोलावतात, हवं तितकं भांडून घेतात, आणि मग गाव एका तोंडानं बोलतं. प्रश्नावली विद्यापीठाची, म्हणजे बाहेरची. बैठक झाली. पोरीच्या शिक्षणाचं काम आहे म्हणून सगळे हजर राहिले.

मोनाली घरोघरी फिरली आणि भारावून गेली. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी अडखळलं नाही. काही घरी मंडळी विधान वाचून व्हायच्या आत 'सहमत' म्हणत होती. तिच्या आत्यानं, कलाबाईनं, तर चुलीपुढून उठण्याचेही कष्ट न घेता सगळी उत्तरं ओळीनं म्हणून दाखवली.

गोंदियाला केंद्रात इंद्रकुमार सरांनी ती माहिती संगणकात भरली. संगणकानं आलेख म्हणून प्रत्येक विधानाला एकच उंच खांब काढून दिला. सरांनी यंत्र बंद करून परत सुरू केलं. खांब तसाच.

"बेटा, पूरे गाव में एक भी असहमत नाही?" सर म्हणाले. "माझ्या घरात आम्ही तिघं आहोत, टीव्हीचा आवाज किती ठेवायचा यावर तीन मतं आहेत."

समिती यावर विश्वास ठेवणार नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. खोटं काही करायचं नाही, पण गावात परत जाऊन थोडे मतभेद घेऊन ये, असं ते म्हणाले, जसं एखाद्याला बाजारातून कोथिंबीर आणायला सांगावं.

मोनाली योगराजकाकांकडे गेली. सगळ्यांचं एकच उत्तर आलं, त्यामुळे आपली जागा जाईल, हे तिनं सांगितलं. काकांना आधी वाईट वाटलं, मग राग आला. एवढी एकी दाखवली तर विद्यापीठाला पोटात दुखायचं कारण काय, असं त्यांचं म्हणणं पडलं. ज्यानं त्यानं आपापलं खरं मत सांगायचं असतं, हे ती सांगत राहिली. काका प्रश्नावली उलटसुलट करून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला.

"खाने पाच आहेत ना? मंग तसं सांग ना बाई. वाटप करून टाकू. रडतेस कायले?"

मोनाली नको नको म्हणेपर्यंत बैठकीची हाळी गेली होती. निदान काय होतं ते आपल्याजवळ राहावं, म्हणून तिनं काकांना विचारून मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. काकांनी मोबाईलजवळ तोंड नेऊन स्वतःचं नाव, पद आणि वार सांगितला आणि सभेला सुरुवात झाल्याचं जाहीर केलं.

वाटप पाण्याच्या हिशेबानंच झालं, कारण गावाला दुसरा हिशेब माहीत नाही. कालव्याच्या तोंडाशी ज्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, त्यांना पाणी पहिलं मिळतं, ते तसेही समाधानी असतात. त्यांना 'पूर्ण सहमत'. त्यांच्या खालच्यांना 'सहमत'. शेवटच्या टोकाला पाणी पोचेपर्यंत त्याचा चिखल झालेला असतो. ते लोक 'पूर्ण असहमत' आपणहून मागत होते, त्यांना सगळ्याच विधानांवर तेच हवं होतं. 'तटस्थ' मात्र कुणी घेईना. तटस्थ म्हणजे ज्याला गावाशी देणंघेणं नाही तो, असा अर्थ लावला गेला. शेवटी ज्यांच्या घरी स्वतःची बोअर आहे, त्यांच्या गळ्यात तो खाना बांधला.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग 'रील तयार करणे हे काम आहे' हे विधान आलं.

कलाबाईची बांधी कालव्याच्या तोंडाशी. म्हणजे तिच्या वाट्याला 'पूर्ण सहमत'. तिनं साफ नाही म्हटलं. काकांनी समजावलं की मत तिचं नाही, बांधीचं आहे. ती म्हणाली की बांधी तिची आहे.

मामला साधा नव्हता. गावात रील करणारी एकच मोठी कलावंत : कलाबाईच्या शेजारच्या धुरपताबाईची सून रेणू. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात उभी राहून ती गाणी म्हणत नाचते आणि ते रायपूरपासून नागपूरपर्यंत लोक बघतात. रेणूमुळे घरात मिक्सर आला होता आणि तो मिक्सर धुरपताबाई येणाऱ्याजाणाऱ्याला चालवून दाखवत असे. कलाबाईच्या घरी पाटा होता.

"काम?" कलाबाई म्हणाली. "आमी दिवसभर वाकून राहिलो तं कंबरेचे तुकडे होतेत. हे एक पेंढी हाती धरून दहा खेप वाकते. थे बी मोबाईलकडं पाहून. आन रोप मातर एकच लागते."

धुरपताबाई उठली. तिचं काय म्हणणं होतं ते रेकॉर्डिंगमध्ये नीट ऐकू येत नाही, कारण तेवढ्यात सगळेच बोलू लागले. ते ओसरल्यावर रेणूचा शांत आवाज येतो.

"मावशी, सकाळी डोळा उघडला का तुमी पयले माहीच रील पाह्यता. थे काऊन व?"

यानंतर रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ फक्त हसणं आहे. बैठक संपेपर्यंत कलाबाईचा आवाज परत येत नाही. 'पूर्ण सहमत' तिच्या नावावर चढवण्यात आलं.

समितीच्या बैठकीला नागपूरहून डॉ. अल्का म्हणून बाहेरच्या तज्ज्ञ आल्या होत्या. मोनालीनं नवे आलेख दाखवले. आता खांबांची सुरेख उतरण दिसत होती. इंद्रकुमार सरांमधला भूगोलाचा माणूस जागा झाला. त्यांनी ती उतरण गावाच्या नकाशावर ठेवून पाहिली आणि ती कालव्याबरोबर तंतोतंत जुळली. सर उठूनच उभे राहिले. कालव्याच्या तोंडाशी डिजिटल आशावाद सर्वाधिक, टोकाला शून्य. जलसुलभता आणि माध्यमविश्वास यांचा असा थेट संबंध जगात कुणी दाखवला नसेल, असं ते म्हणाले आणि शोधनिबंधाचं शीर्षकही त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. लेखकांत स्वतःचं नाव त्यांनी दुसरं ठेवलं. हा मोठेपणा सगळ्यांच्या लक्षात यावा म्हणून ते त्यांनी दोनदा सांगितलं.

डॉ. अल्कांनी फक्त एवढंच विचारलं की स्वतःची बोअर असलेले सगळेच्या सगळे तटस्थ कसे काय.

मोनाली गप्प राहिली असती तर जागा तिची होती. सर खुणेनं तेच सांगत होते. पण एवढा मोठा सिद्धांत पुढे आयुष्यभर आपल्यालाच समजावून सांगत फिरावं लागेल, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"मॅडम, ही मतं नाहीत," ती म्हणाली. "हे वाटप आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. सर हळूच बसले. डॉ. अल्कांनी रेकॉर्डिंग लावायला सांगितलं आणि सुरुवातीपासून ऐकलं. 'तटस्थ'च्या वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं. कलाबाई सुरू झाल्यावर चहा पुढ्यात आला तो त्यांनी बाजूला सारला.

त्यांचा निर्णय थोडक्यात असा होता : खांब टाकून द्या, ही बैठक हाच अभ्यास आहे. जागा कायम करायला हरकत नाही. अट एकच. ज्यांचा ज्यांचा आवाज आहे त्या प्रत्येकाची लेखी संमती महिन्याभरात हवी. एकानंही नाही म्हटलं तर रेकॉर्डिंग बाद, आणि मग दाखवण्याजोगं काहीच उरत नाही.

संमतीसाठी बैठक घ्यायची नाही, ज्याची त्यानं सही करायची, हे योगराजकाकांच्या गळी उतरवणं सगळ्यात कठीण गेलं. लोकांनी मात्र भराभर सह्या दिल्या. धुरपताबाईनं मिक्सर चालवून दाखवला आणि सही केली. रेणूनं सही करतानाची रील केली. राहिली घरचीच कलाबाई.

ती सही करीना. मोनालीला वाटलं, तेव्हाचं हसणं जिव्हारी लागलं असेल. तसं नव्हतं. हसल्याबद्दल तिची तक्रारच नव्हती.

"तिले उत्तर होतं माह्याजवळ," कलाबाई म्हणाली. "पण थे दुसऱ्या दिवशी निंदता निंदता आठवलं. थे घाल त्याच्यात, मंग करतो सही."

घडून गेलेल्या बैठकीत नवीन वाक्य घालता येत नाही, हे मोनालीनं परोपरीनं सांगितलं. कलाबाईनं विचारलं की मग सिनेमात कसे घालतात. हा प्रश्न केंद्राच्या कक्षेतला असल्यामुळे मोनालीला उत्तर देता येईना. शेवटी तिनं इंद्रकुमार सरांना फोन केला. सिद्धांत गेल्यापासून सर कमी बोलत. ते म्हणाले, नंतर दिलेली मुलाखत म्हणून तळटीपेत टाक.

"सांग मग, काय उत्तर होतं?" मोनालीनं मोबाईल पुढे धरला.

कलाबाईनं पदर सारखा केला. "मी पाह्यतो थे तुह्यं तोंड पाहाले नाई. तू नाचतेस थे माह्या बांधीच्या पुढं. मागं पाणी दिसते. बांध कोणी फोडला का, पाणी किती उरलं, घरी बसल्या समजते. तू जरा बाजूले सरकून नाचत जाय, मले वरचा कोपरा दिसत नाई."

मोनाली हसली नाही, हे तिला आजवर केलेल्या संशोधनातलं सगळ्यात अवघड काम वाटलं. तिनं कागद पुढे केला. कलाबाईनं पेन हातात घेतलं आणि थांबली.

"हे तळटीप कुठं राहते?"

"पानाच्या खाली."

"बारीक अक्षरात?"

"हो."

कलाबाईनं पेन ठेवून दिलं. रेणूचं बोलणं वर, मोठ्या अक्षरात, आणि तिचं खाली मुंगीएवढं. यापेक्षा कोहमाऱ्याला काच चिकटवलेली बरी, असं तिनं भाचीला तोंडावर सांगितलं.

मोनालीपुढे आता खोटं बोलायची वेळ आली होती. पण खरं सांगितलं तरी पुरेल, असं तिला वाटलं. "आत्या, विद्यापीठातली मोठी माणसं वरचं वाचत नाहीत. पुस्तक उघडलं की आधी खाली बघतात, आपलं नाव आहे का म्हणून. नसलं तर मिटून ठेवतात."

कलाबाईनं भाचीकडे निरखून पाहिलं. विद्यापीठाबद्दल तिला पहिल्यांदाच काही पटलेलं दिसलं. तिनं कागद मांडीवर ओढला आणि सावकाश, एकेक अक्षर दाबत, सही केली.

जागा कायम झाल्याचं पत्र आलं त्याच दिवशी संध्याकाळी रेणू आली. मोठी माणसं आधी खाली बघतात हे तिला कुठून कळलं कोण जाणे, पण वरची आपली जागा सोडायला ती तयार होती. तिला खाली जायचं होतं, मावशीच्या शेजारी, आणि एक उत्तर तिलाही आठवलं होतं.