कात्रीला विचारतंय कोण

मी एक जुनी कात्री आहे. दप्तरात मावणारी, रंगीत कड्यांची कात्री नव्हे, मित्रांनो. मी शिंप्याची कात्री आहे. माझी पाती वीतभर लांब आहेत, कड्या काळ्या लोखंडाच्या आहेत, आणि वजन एवढं की लहान मुलाला मी एका हातात पेलवत नाही. या घरात मला सगळे कुरकुरी म्हणतात. उघडताना मी आवाज करते हे खरं आहे. पण माझ्याकडून काय काय कापून घेतलं गेलं ते ऐकलंत, तर तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

पंचवटीत एका अरुंद बोळात रंगनाथ टेलरांचं दुकान होतं. तिथे माझी उमेदीची वर्षं गेली. देवळातल्या गुरुजींच्या बंड्या, शाळेच्या खाकी चड्ड्या, लग्नातले सदरे असं सगळं मी कापलं. रंगनाथ मला दर रविवारी पुसायचे, खिळ्यावर तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचे. एकदा शेजारच्या दुकानदाराने कागद कापायला मला उचललं, तर रंगनाथांनी हातातलं मापाचं काम टाकून मला परत घेतलं. "ही कापडाची आहे," एवढंच ते म्हणाले. असा मान मला होता.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, दुकान बंद झालं, आणि एक्क्याण्णव साली त्यांनी मला त्यांच्या मुलीच्या, ललिताच्या लग्नात तिच्या ट्रंकेत ठेवलं.

"हिला कापडाशिवाय काही दाखवायचं नाही," ते म्हणाले.

"हो बाबा," ललिता म्हणाली.

आठव्या दिवशी तिने माझ्याकडून काथ्याची दोरी कापून घेतली.

ललिताचं सासर सिडकोत होतं. दोन खोल्या, पुढे हातभर अंगण. नवरा हिरामण अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होता. मूळचा दिंडोरीकडचा, कमी बोलणारा, भला माणूस. दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली, तिचं नाव तृप्ती. तृप्ती चार महिन्यांची असताना तिच्या अंगावर लाल चट्टे उठले. पोर रात्रंदिवस रडायची. डॉक्टरांनी मलमं दिली, साबण बदलायला सांगितला. चट्टे जाईनात. शेवटी ललिताने साबणच बंद केला. मसुराची डाळ दळून आणली, त्यात दुधाची साय घातली आणि त्याने ती पोरीला अंघोळ घालू लागली. पंधरा दिवसांत पोरीचं अंग स्वच्छ झालं.

मित्रांनो, आनंदाचीच गोष्ट होती ती. पण तिथून जे सुरू झालं ते थांबेना. आज साबण गेला, उद्या शाम्पू गेला. मग टूथपेस्ट गेली आणि बाभळीच्या सालीचं दंतमंजन आलं. घरात बाजारातली वस्तू दिसली की ललिता तिच्याकडे अशी बघायची, जशी काही ती तृप्तीला चावणार आहे. आणि जे जे घरी करायचं, त्यातलं कापायचं काम माझ्याकडे. शिकेकाईच्या शेंगा मी कापल्या. ओली कोथिंबीर कापली. बाहुलीच्या पोटात भरायला नारळाची शेंडी कापली. तृप्तीचे केस कापले, हिरामणचे कापले, आणि एकदा शेजारच्या वत्सलाकाकूंच्या कुत्र्याचेही कापले. काम झालं की पाण्याने धुवून मला ओट्यावर तशीच टाकायची. लोखंडाला पाणी चालत नाही, हे टेलरच्या मुलीला मी सांगायचं होतं का?

हिरामणही वैतागायचा, पण त्याचा वैताग अंगणातून बाहेर जात नसे. एकदा त्याचा पांढरा सदरा विटला म्हणून ललिताने तो कांद्याच्या सालींत उकळून काढला. सदरा चहाच्या चोथ्याच्या रंगाचा झाला.

"हा घालून जाऊ मी कामावर?"

"का? अस्सल रंग आहे. घामाने उतरणार नाही."

"उतरत नाय हेच तर दुखणं हाय," हिरामण म्हणाला आणि तो सदरा घालून गेला. त्याला कारखान्यात चार वर्षं 'चहावाले' म्हणत होते.

माझ्यावरचा कळस म्हणजे पत्रा. तेलाच्या रिकाम्या डब्याची कुंडी करायची म्हणून ललिताने माझ्या पात्यांत पत्रा घातला आणि दोन्ही हातांनी दाब दिला. माझी धार तीन ठिकाणी मोडली. त्यानंतर सायकलवर चाक घेऊन फिरणारा यादव धारवाला दारात आला. त्याने मला उजेडात धरलं आणि पात्यावरून अंगठा फिरवला.

"वहिनी, हिनं पत्रा कापलाय."

"थोडासाच," ललिता म्हणाली.

"रंगनाथ टेलरची कात्री ना ही? मी हिला धार लावायचो पंचवटीत. असली कात्री आता मिळत नाय."

"म्हणून तर जपून वापरते."

यादवने माझ्याकडे पाहिलं. रंगनाथांनंतर माझी बाजू घेणारा तो एकच माणूस.

तृप्ती लहान होती तोवर तिला आईच्या सगळ्या उद्योगांची मजा वाटायची. चिंध्यांची बाहुली, गव्हाच्या काड्यांचं घर, रंगपंचमीला पळसाच्या फुलांचा रंग. मैत्रिणी बघायला यायच्या. पण मुली मोठ्या होतात. पाचवीत तिचं दप्तर हिरामणच्या जुन्या पँटचं होतं. पुढचा खिसा म्हणजे पँटचा मागचा खिसा होता, बटणासकट. कुणीतरी वर्गात विचारलं, "पप्पा आत बसलेत का?" तृप्ती घरी आली, दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि जेवली नाही. ललिताला वाटलं, ऊन लागलं. तिने कोकमाचं सरबत केलं.

दोन हजार पाच साली तृप्ती सातवीत होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बारा मुलींचा नाच होता आणि बारांत तिचं नाव आलं होतं. सगळ्यांनी केशरी घागरा-चोळी घालायची होती. द्वारका चौकात एका दुकानात तसे कपडे भाड्याने मिळायचे. तृप्तीने चिठ्ठी आणून आईला दिली.

ललिताने चिठ्ठी वाचली. "भाड्याचे? कुणी कुणी घातलेले असतात ते, कुणास ठाऊक. तुझं अंग माहीत आहे ना? मी शिवते."

"आई, सगळ्यांचे सारखे पाहिजेत."

"केशरीच ना? केशरीच करते."

तृप्तीने चिठ्ठी परत घेऊन दप्तरात ठेवली. मला तेव्हाच तिचा चेहरा दिसला होता, पण कात्रीला विचारतंय कोण.

ललिताने मन लावून काम केलं, हे मान्य करायला हवं. पांढरं सुती कापड आणलं. गेल्या शिमग्याची वाळवून ठेवलेली पळसाची फुलं तुरटीत उकळली आणि कापड दोनदा बुडवून सावलीत वाळवलं. सोळा कळ्यांचा, म्हणजे सोळा उभ्या पट्ट्यांचा, घागरा कापला, आणि तोही माझ्याकडूनच. किती दिवसांनी मी कापडावर चालत होते. आठ दिवस ती मशीनवर बसली. हिरामण कामावरून आला की स्वतःच चहा करून घ्यायचा. घागरा खरोखर देखणा झाला. पण पळसाचा केशरी म्हणजे संध्याकाळच्या उन्हाचा रंग. दुकानातलं केशरी साटीन म्हणजे रस्त्याच्या कामावरच्या झेंड्यासारखं.

रंगीत तालमीच्या दिवशी ललिता भाजीला पंचवटीत गेली होती. तृप्ती दुपारी घरी आली ती सरळ मशीनच्या खणाकडे. तिने मला काढलं. घागरा जमिनीवर पसरला, गुडघ्याने दाबून धरला आणि दोन्ही हातांनी मला खालच्या काठात घातलं.

मित्रांनो, खरं सांगते. त्या वेळी मी बोथट असते तर बरं झालं असतं. पण आदल्याच आठवड्यात यादव येऊन गेला होता. कापड कोरडं होतं, मऊ होतं. मी काठापासून कमरेपर्यंत एका दमात गेले. मग दुसऱ्या बाजूने. मग आडवी. तृप्ती रडत नव्हती. ती फक्त कापत होती.

ललिता पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"काय झालं?"

"मॅडमनी मला मागच्या ओळीत टाकलं. शेवटी. म्हणाल्या, तुझा रंग वेगळा दिसतो."

ललिताने पिशवी खाली ठेवली. ती खाली बसली आणि एकेक तुकडा उचलून मांडीवर पसरू लागली. मला वाटलं, आता ती रडेल किंवा पोरीला मारेल. ती म्हणाली, "बऱ्याच कळ्या धड आहेत. यातून उशीचे दोन अभ्रे निघतील. उरलेल्याची..."

"आई, नको."

"अगं, वाया जाईल."

"जाऊ दे वाया. मी तुझा घागरा कापलाय, आणि तुला अभ्रे दिसतायत."

ललिताचा हात तुकड्यावर थांबला.

"भाड्याचा हवा होता तर सांगायचंस."

"चिठ्ठी दिली होती. तू विचारलंस का, तुला काय हवं? दप्तराचं विचारलंस? केसांचं? एकदा तरी?"

"तुझ्या अंगावर चट्टे उठायचे, म्हणून मी..."

"तेव्हा मी चार महिन्यांची होते, आई."

या बाईकडे प्रत्येक गोष्टीवर उतारा असायचा. त्या दिवशी काही सापडलं नाही. ती तुकडे मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. हिरामण कामावरून आला, त्याने दोघींकडे पाहिलं आणि गुपचूप भाजी निवडायला घेतली.

सकाळी घंटागाडी आली. त्या घरातून घंटागाडीत कधी काही जात नसे. साली खतात जायच्या, चिंध्या गोधडीत. मी खिडकीत होते, म्हणून पाहिलं. ललिता सगळे तुकडे घेऊन बाहेर गेली. गाडीवरच्या बारकूला नवल वाटलं.

"ताई, तुमच्याकडनं कचरा? चांगलं कापड हाय की हे."

"असू द्या," ललिता म्हणाली. "टाका."

तृप्ती दारात उभी राहून बघत होती. ललिता आत आली, हात धुतले आणि म्हणाली, "चल, द्वारकेला जाऊन येऊ. दुकान दहाला उघडतं."

भाड्याचा घागरा कमरेत दोन बोटं सैल निघाला. तो कापायची सोय नव्हती. मला हातही लावला नाही. ललिता सुईत दोरा ओवून बसली आणि म्हणाली, "किती घट्ट करू? तू सांग, तेवढाच करते." तृप्तीने पोट आत ओढलं, मग सोडलं, आणि बोट ठेवून दाखवलं.

गॅदरिंगला मी नव्हते. नंतर कळलं, तृप्ती दुसऱ्या ओळीत होती आणि नाच चांगला झाला. घरी आल्यावर तिच्या कमरेला त्या खरखरीत जरीने लाल पट्टा उठला होता. ललिताने खोबरेल लावलं. तिला बोलायचं होतं, हे तिच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. पण तिने ओठ आवळून धरले. बोलली ती तृप्तीच.

"खाजतंय खूप."

"हं," ललिता म्हणाली. एवढंच.

माणूस एका दिवसात बदलत नाही. पुढच्या महिन्यात माझ्याकडून चपलेचं रबर कापलं गेलं. मला गंज चढतो, पाती एकमेकांवर घासतात, आणि धार लावायला कुणी येत नाही. यादवने फेरी बंद केली. लोक आता कात्री बोथट झाली की नवी आणतात. माझा वैताग अजून गेलेला नाही, आणि जाईल असं वाटत नाही.

पण गेल्या आठवड्यातलं सांगते. तृप्ती आता अकरावीत आहे. तिला पंजाबी ड्रेस शिवायचा होता. ललिताने निळं कापड चटईवर पसरलं, खडूने आखलं, मला पुसलं आणि माझी पाती उघडून कापडाच्या काठावर ठेवली. मी तयार होते. तेवढ्यात ती थांबली.

"तृप्ती, गळा कसा हवा?"

"तुला जमेल तसा," आतून आवाज आला.

"मला सगळे जमतात. तुला कसा हवा?"

तृप्ती बाहेर आली. तिने खडू घेतला आणि आईची रेघ पुसून स्वतःची काढली. ललिता म्हणाली, एवढा खोल नको. तृप्ती म्हणाली, एवढाच हवा. मग बोटाने मापं झाली, वाद झाला, चहा झाला. मी पाती उघडी टाकून अर्धा तास कापडावर पडून होते. कुणीही मला मिटवून ठेवायची तसदी घेतली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी कात्री असेल तर तिला कोरडी ठेवा, तेल घाला. आणि कुणासाठी काही कापायला घ्याल तेव्हा आधी त्याला बोलवा, विचारा, हवं तर भांडा. तोवर मी थांबते. एकदा पातं मिटलं की मला ते कापड परत जोडता येत नाही.