पाषाणाच्या पोटातले

द्वारकाबाईंच्या धावडा गावच्या शेतात बोअरचं यंत्र आलं ते पाण्यासाठी नव्हे, मंगळासाठी. संशोधन करणारी जालन्याची प्रियदर्शनी तसं सांगायची आणि गाव मान डोलावून मागून हसायचं. मंगळावरही असाच काळा पाषाण आहे. वर काही जगत नसलं तरी त्याच्या पोटात जगत असेल. ते शोधायचं कसं, हे आधी इथे शिकायचं, असं तिचं म्हणणं. या एका भोकासाठी पोरीने दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते.

तीनशे फुटांवरून दगडाचा गोल तुकडा वर आला तो पिवळा. यंत्र भोकात सोडतं त्या पाण्याची टाकी प्रियदर्शनीने उघडून पाहिली. तीही पिवळी.

"हळद मी टाकली," द्वारकाबाई म्हणाल्या. "जमिनीच्या पोटात शिरून राह्यले तुम्ही, मंग तिला हळद न्हाई लावायची?"

पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे समजावलं, की हळदीबरोबर घरातले लाखो जिवाणू खाली गेले. आता दगडात जीव सापडला तरी लोक म्हणणार, तो बाईंच्या डब्यातला. द्वारकाबाईंचा चेहरा पडला. चांगलं करायला गेले आणि पोरीच्या कष्टांची माती केली, या विचाराने त्यांना रडू आलं.

सवयीने म्हणा, आशेने म्हणा, प्रियदर्शनीने तुकडा कडब्याच्या खोलीत नेला, दार लोटलं आणि जांभळा दिवा लावला. त्या उजेडात हळद चमकते. दगडाची कड पिवळीधमक उजळली. मग तिने तो फोडला. आत नुसता काळोख, हळदीचा कणही नाही.

"मावशी, तुमचं पाणी आत गेलंच नाही," ती दारात येऊन म्हणाली. "आता आत जे सापडेल, ते दगडाचंच."

दोन महिन्यांनी ती सांगायला आली. सापडले होते. इवलेसे जीव, ऊन कधी न पाहिलेले, दगडाच्या ओलीवर तगलेले. ते वाढतात कधी, असं द्वारकाबाईंनी विचारलं.

"एकाचे दोन व्हायला शेकडो वर्षं लागत असावीत. तुम्ही लग्न होऊन इथे आलात ना मावशी, तेव्हाचा त्यांचा दिवस अजून मावळला नाही."

द्वारकाबाईंच्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षं त्या या रानात पेरत, भांडत, गात हिंडल्या होत्या आणि खाली कोणीतरी होतं.

"मंगळावर बी असंच असंल?"

"माहीत नाही. पण शोधायचं कसं ते कळलं, आता बघायला जाता येईल."

द्वारकाबाईंनी जमिनीवर तळवा टेकवला. त्या कुजबुजल्या, "जरा हळू बोल, पोरी."