छपराखालचा उतार

बसमधून उतरल्या उतरल्या मिस्त्रींनी आधी समुद्राला नावं ठेवली. गढूळ आहे, म्हणाले. मग गाईडच्या छत्रीला, मग रस्त्याकडेच्या दगडांना, कारण ते एका रेषेत नव्हते. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत, बँकांत आणि इस्पितळांत फरशी बसवून माणूस निवृत्त झाला होता, पण त्याचं नाक निवृत्त व्हायचं राहून गेलं होतं. सहलीच्या चार दिवसांत त्यांनी एक किल्ला, दोन राजवाडे आणि हॉटेलातले तीन संडास निकालात काढले होते. प्रत्येक ठिकाणी पिशवीतून हातभर लांबीची पितळी पाणसळ काढायची, जमिनीवर ठेवायची, काचेच्या नळीतला बुडबुडा कुठल्या बाजूला पळतो ते बघायचं आणि नाकातून एक ‘हं’ सोडायचा. त्या ‘हं’ला बसमधली सगळी मंडळी विटली होती. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब तर जेवायला मुद्दाम लांबच्या टेबलावर बसायला लागले होते.

बायको विटली नव्हती. तिला सवय होती, आणि शिवाय तिचं काम अडलेलं होतं. ही सहल तिनंच निवडली होती, तीही फक्त आजच्या या थांब्यासाठी. समुद्रकाठची ही मशीद यादीत दिसली तेव्हा तिनं बाकीचं काही वाचलंच नाही. तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात अकरा वर्षांपूर्वीचं एक पोस्टकार्ड होतं. मिस्त्रींनी ते केराच्या डब्यात टाकलं होतं, तिनं पुसून ठेवलं होतं. त्यावर दोनच ओळी होत्या. ‘दादा, समुद्रावरच्या मशिदीची फरशी केली. एकदा येऊन बघ.’ खाली पत्ता.

पाठवणारा मिस्त्रींचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, म्हणजे दिराला वाढवलं ते तिनंच. पुढे तो मिस्त्रींच्या हाताखाली तयार झाला. हात त्याचा मिस्त्रींपेक्षा सफाईदार, हे सगळ्या कामगारांना ठाऊक होतं आणि मिस्त्रींनाही, म्हणूनच ते कुणी बोलत नसे. मग, वीस वर्षांपूर्वी, एका शाळेच्या व्हरांड्याचं काम आलं. धाकट्यानं तिथं फरशीला बाहेरच्या बाजूला बारीकसा उतार दिला. पावसाची झड आत येते, पाणी आपलं आपण निघून जाईल, एवढंच त्याचं म्हणणं. पण मिस्त्रींचा एक नियम होता: डोक्यावर छप्पर असलं की खाली फरशी पाणसळीत, म्हणजे अगदी सपाट. छपराखाली उतार देणारा माणूस त्यांच्या लेखी मोरी बांधायच्या लायकीचा. त्यांनी सगळ्या कामगारांसमोर ती फरशी उखडायला लावली, तीही धाकट्याच्याच हातानं. वर म्हणाले, तुला पाणसळ वाचता येत नाही, भांडी घासायला जा. धाकटा त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. व्हरांडा पुन्हा सपाट झाला, आणि त्यानंतर दर पावसाळ्यात तिथं डबकी साचून पोरं घसरायची. शाळेनं तक्रार केली तेव्हा मिस्त्रींनी उत्तर पाठवलं की खिडक्या बसवून घ्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभही जळला नव्हता.

आज सकाळी चहा पिताना बायकोनं विषय काढलाच. गाव तेच आहे, पत्ता आहे, बस दीड तास थांबणार आहे, एकदा त्याच्या दारात जाऊन येऊ. मिस्त्रींनी कप खाली ठेवला.

“मशिदीची फरशी पाणसळीत असली तर जाईन त्याच्या दारात,” ते म्हणाले. “नसली तर मुकाट्यानं बसमध्ये येऊन बसायचं. आणि त्यानंतर त्याचं नाव काढायचं नाही. जन्मात नाही.”

बायको हो म्हणाली. याहून बरा सौदा तिला वीस वर्षांत मिळाला नव्हता. आणि दिराच्या हातावर तिचा विश्वास होता.

मशीद अगदी पाण्याला लागून होती. पायऱ्यांच्या खालच्या तीन समुद्रात बुडालेल्या, वर मोठं दालन, तीन बाजूंनी कमानी आणि एका बाजूला भिंत. गाईड खांबांची संख्या सांगू लागला. कालच्या राजवाड्यात त्यानं सांगितलेला आकडाही नेमका हाच होता, हे मिस्त्रींनी मोठ्यानं सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. बायकांनी दाराशी ठेवलेल्या ओढण्या डोक्यावर घेतल्या, सगळ्यांनी चपला काढून नळावर पाय धुतले आणि मंडळी आत जाऊन लगेच एकमेकांचे फोटो काढायला लागली. समुद्राकडे पाठ करून समुद्र बघायची ही तऱ्हा मिस्त्रींना चार दिवस डोक्यात जात होती. गाढवाला गुळाची चव काय, असं ते बँकवाल्या साहेबांकडे बघत पुटपुटले.

मग ते खाली बसले. पांढऱ्या दगडाच्या मोठ्या फरश्या होत्या. दोन फरश्यांच्या सांध्यावरून त्यांनी अंगठ्याचं नख ओढलं. नख कुठंच अडलं नाही. दुसऱ्या सांध्यावर ओढलं, तिसऱ्या. सबंध दालनात सांधे एका दोरीत गेले होते, खांबांच्या बुडाशी गोलाईला दगड असा कापला होता की मध्ये कागद शिरला नसता. या वेळी ‘हं’ बाहेर पडला नाही. बायको दोन पावलांवर ओढणी सावरत उभी होती. तिनं हे पाहिलं आणि नकळत पर्सची चेन उघडली.

मिस्त्रींनी पाणसळ काढली आणि फरशीवर ठेवली. बुडबुडा भिंतीकडे पळाला.

त्यांनी ती उचलून पुढच्या खांबाशी ठेवली. बुडबुडा भिंतीकडे. मग मधोमध, मग कमानीजवळ, मग पार दुसऱ्या टोकाला. पाचही ठिकाणी तेच, आणि तेवढंच. भिंतीकडची बाजू उंच, समुद्राकडची खाली. पाच ठिकाणी सारखाच पडलेला उतार चुकून पडत नाही, हे शिकाऊ कामगारालाही कळलं असतं. मिस्त्रींनाही कळलं. म्हणूनच त्यांचं पित्त खवळलं. म्हणजे इतक्या वर्षांनी, एवढं मोठं देवाच्या घराचं काम हाती आलं तेव्हाही, यानं दादाला न जुमानता छपराखाली उतारच दिला होता.

“नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात,” ते उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “इथं अंगण खरोखरच वाकडं आहे. या अख्ख्या फरशीत एक दगड सरळ नाही. आमच्या घरात वाढलेल्या माणसानं केलंय हे, आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही.”

बँकवाले साहेब म्हणाले की आम्हाला तर काही दिसत नाही. तुम्हाला दिसायला ती चूक चेकबुकात नाही, असं मिस्त्रींनी त्यांना सांगितलं. मग ते बायकोकडे वळले. बोलायची गरजच नव्हती. तिनं पर्सची चेन लावली. दिराला शेवटचं पाहिलं तेव्हा त्यानं खांद्यावर घेतलेली पत्र्याची पेटी तिला आठवली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मिस्त्रींना दिसलं, पण जिंकलेल्या माणसाला असल्या गोष्टी लगेच समजत नाहीत.

तेवढ्यात मशीद सांभाळणारा म्हातारा आतून लगबगीनं आला. त्याच्या हातात एक फडकं होतं. उधाण आहे, सामान उचला, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं, आणि कुणाला ते नीट समजायच्या आत पाणी कमानींतून आत आलं. लाट मोठी नव्हती, पण दालनभर पसरली, घोट्यापर्यंत चढली, भिंतीपाशी जाऊन टेकली. बायका किंचाळल्या, साहेबांनी कॅमेऱ्याची बॅग डोक्यावर घेतली. आणि मग पाणी परत फिरलं. कुणी खराटा घेतला नाही, कुणी ढकललं नाही. ते आलं तसं एका संथ चादरीत समुद्राकडे निघून गेलं, आणि साहेबांनी बॅग खाली घेईपर्यंत फरशीवर नुसती ओल उरली होती.

मिस्त्री जागच्या जागी उभे होते. पॅंट भिजली होती. शाळेचा व्हरांडा त्यांना आठवला, डबकी आठवली. ते त्यांना अजिबात आठवायला नको होतं.

पण नशीब त्यांच्या बाजूला होतं. तिसऱ्या खांबाशी एका फरशीवर पाणी तसंच साचून राहिलं होतं. एकाच. म्हातारा तिथं उकिडवा बसून, कंबरेला हात लावून कण्हत ते टिपू लागला. बुडत्याला काडी मिळाली. मिस्त्री घाईघाईनं तिकडे गेले आणि म्हणाले, हे बघा, उतार दिला तोही धड जमला नाही, ही फरशी चुकलीच ना.

“चुकलेली नाही ती,” म्हातारा मान वर न करता म्हणाला. “मुद्दाम बसवलीय. फरशी बसवणाऱ्या त्या मिस्त्रीला मी तेव्हाच म्हटलं होतं, ही उखड, इथं पाणी साचणार. तो म्हणाला, राहू दे. माझा दादा कधीतरी येईल, आला की पाणसळ लावल्याशिवाय राहायचा नाही. त्याला इथला एक तरी दगड पसंत पडला पाहिजे.”

त्यानं फडकं पिळलं.

“अकरा वर्षं पुसतोय मी. तो बिचारा अजून अधूनमधून येतो, या खांबाला टेकून बसतो, विचारतो कुणी आलं होतं का. कोण येतंय? असला कसला दादा म्हणायचा हा.”

मिस्त्री खाली बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी पाणसळ त्या फरशीवर ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबला. त्यांनी ती आडवी फिरवली, तिथंही मधोमध. मग सवयीनं त्यांनी चारही सांध्यांवरून नख ओढलं. उतारात एकच सपाट दगड बसवायचा तर एका अंगाला तो वर यायला हवा, पायाला ठेच लागायला हवी. लागत नव्हती. म्हणजे शेजारच्या फरश्यांच्या कडा हातानं घासून घासून धाकट्यानं त्या याच्याशी जुळवल्या होत्या. या एका दगडाला किमान चार दिवस लागले असणार. मिस्त्रींनी आयुष्यात कुणासाठी असं काम केलं नव्हतं, आणि त्यांना त्याची लाज वाटली. कामगारांसमोर फरशी उखडणाऱ्या पोराची खाली घातलेली मान वीस वर्षांनी त्यांना पहिल्यांदा नीट दिसली.

दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा लहान, आणि परत गेली. दगडावर पुन्हा पाणी साचलं. म्हातारा वाकायला लागला तसं मिस्त्रींनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि स्वतः पुसलं. कोपऱ्यांपर्यंत पुसलं. म्हाताऱ्याला वाटलं, पाहुणा जरा चक्रम दिसतो.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. साहेब जेवायची वेळ झाली म्हणून घाईला आले होते. मंडळी चपला शोधायला लागली. बायकोनं ओढणी घडी करून जागेवर ठेवली आणि ठरल्याप्रमाणे, कुणाचंही नाव न काढता, ती बसच्या दिशेनं चालू लागली.

“कुठं निघालीस?” मिस्त्रींनी मागून विचारलं.

“बसमध्ये. तुम्ही जिंकलात ना.”

मिस्त्रींनी पाणसळ पिशवीत कोंबली. मग नाक शिंकरलं आणि बराच वेळ रुमाल तोंडावरच ठेवला.

“अकरा वर्षं एका म्हाताऱ्या माणसाला दगड पुसायला लावलाय गाढवानं,” ते म्हणाले. “कान पिरगाळल्याशिवाय जायचं नाही. काढ ते कार्ड.”