छत्तीस नंबरची निळी पाटी

“बोलणी चालू आहेत हो. दोन-चार दिवसांत दिसेल चॅनेल,” लोर्नाने सकाळपासून चाळिसाव्यांदा सांगितलं आणि फोन ठेवला.

आज दुपारी एक वाजता बेसबॉलचा मोसम सुरू होणार होता. गावाच्या लाडक्या संघाने यंदा सगळे सामने स्वतःच्या नव्या चॅनेलवर नेले होते आणि लोर्नाच्या केबल कंपनीला त्याचा भाव मान्य नव्हता. छत्तीस नंबरवर नुसती निळी पाटी दिसायची: ‘लवकरच येत आहे’. बोलणी तर फेब्रुवारीतच फिसकटली होती. पण गिऱ्हाईक डिशकडे पळू नये म्हणून वरून हुकूम होता, लोकांना आशेवर ठेवा. एकवीस वर्षं काउंटरवर बसलेल्या लोर्नाचा शब्द गाव खरा मानायचं. मेलं तेच नडलं.

जॅनेट आत आली ती घाईघाईनेच. तिचा बाप ऑर्व्हिल, शाळेच्या मैदानावर तीस वर्षं पंच म्हणून उभा राहिलेला, आता अंथरुणाला खिळला होता. त्यात ठार बहिरा. रेडिओचा त्याला काय उपयोग?

“लोर्ना, खरं सांग. दिसणार आहे का आज?”

“अगं, बोलणी...”

“महिनाभर हेच ऐकतेय! डिश घेऊ म्हटलं, तर बाबा म्हणाले, लोर्ना म्हणतेय ना, मग येईल. आता डिशवाले पंधरा दिवसांनंतरची तारीख देतायत. नर्स म्हणते, आठवडा काढला तरी खूप.”

काचेपलीकडून मॅनेजर डेलसाहेब लोर्नाकडेच बघत होते.

“दाढीबिढी करून अंथरुणातच बसलेत त्या पाटीसमोर. काय सांगू त्यांना?”

“नाही येणार,” लोर्ना म्हणाली. “मला माहीत होतं गं.”

जॅनेट ओरडली असती तर बरं झालं असतं. “तूच चल सांगायला,” ती एवढंच म्हणाली. “माझ्यावर नाही विश्वास बसायचा त्यांचा.”

लोर्नाने कोट उचलला तसे डेलसाहेब दारात आले. “आत्ता गेलीस तर परत येऊ नकोस.”

ती गेली.

बहिऱ्या माणसाला हे लिहूनच द्यावं लागलं. ‘चॅनेल येणार नाही. मी खोटं बोलले.’ ऑर्व्हिलने कागद दोनदा वाचला.

“जॅनेट, टीव्ही बंद कर. आणि हिला बसायला खुर्ची दे.”

मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“एक वाजला,” तो मोठ्याने म्हणाला. “पहिला चेंडू पडला असेल.”