सातवा फर्मा

लेखिकेचं पत्र आलं त्या शनिवारी वाचनालयात खुर्च्या कमी पडल्या. एरवी वाचक मंडळाला नऊ-दहा डोकी जमायची, त्यातली दोन पंख्याखालची जागा धरायला आलेली. पण पत्र म्हटल्यावर कादंबरी उघडूनही न पाहिलेली मंडळी हजर झाली. बांधणीबाई नेहमीसारखी दाराजवळच्या स्टुलावर बसली. वाचनालयाची फाटकी पुस्तकं ती मागच्या खोलीत बसून शिवायची, म्हणून हे नाव. खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच सुखात होतं.

या लेखिकेची पहिली कादंबरी सगळ्यांनी डोक्यावर घेतली होती. लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या तीन बहिणींची गोष्ट. ती वाचून ज्याचे डोळे भरले नाहीत असा माणूस मंडळात नव्हता. दाताचे डॉक्टर तर सांगायचे, पेशंट तोंड उघडून बसलेला असतो आणि मला मधली बहीण आठवते. पुढे लेखिकेला बक्षिसं मिळाली, फोटो छापून आले. मग सहा वर्षांनी दुसरी कादंबरी आली आणि मंडळात उभी फूट पडली.

दुसरीत एक आई लहान मुलीला आपल्या बहिणीकडे ठेवून परगावी कामाला जाते. जाते ती जातेच. मुलगी मोठी होते, आणि अर्ध्या पुस्तकानंतर आई तिला पत्रं लिहायला लागते. अगदी चोरी केल्यासारखी, खाली मान घालून लिहिलेली पत्रं. पण नेमकं काय केलंय ते कुठेच सांगत नाही.

"बक्षिसांनी बाई बिघडली," असं सरांचं मत. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, मंडळाचे अध्यक्ष आणि बऱ्याचदा एकटे वक्ते.

"सगळं काय सांगत बसायचं?" दाताचे डॉक्टर म्हणायचे. "वाचकाला दात आहेत. चावू दे की."

"चावायला ताटात काहीतरी वाढावं लागतं, डॉक्टर."

असं दोन महिने चाललं होतं. वाचनालयात दुसरीची प्रत एकच, तीही कुणीतरी दिलेली फाटकी, आधी शिवून घेतलेली. सगळ्यांनी रांग लावून तीच वाचली आणि तिच्यावरच भांडले. बांधणीबाईही या भांडणात पडली, आणि इतकी की आता पत्र आलं होतं ते खरं म्हणजे तिच्या एका वाक्याला.

तिची शाळा सातवीतून सुटलेली. दुरुस्तीला आलेलं पुस्तक शिवता शिवता वाचायचं, एवढंच तिचं पुढचं शिक्षण. सतरा वर्षं ती मंडळात बसली होती, कधी तोंड उघडलं नव्हतं. गेल्या महिन्यात उघडलं. म्हणाली, "पहिली कादंबरी हाताने शिवलेली आहे. दुसरीत मधला टाका सुटलाय. आई एवढी अपराधी का, ते जिथे कळायला हवं तिथे नुसतीच उडी आहे."

सरांनी वही काढून वाक्य उतरवून घेतलं आणि "बाई, हे मी लेखिकेला कळवणार" म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना तिला आपण दोन बोटं उंच झालोय असं वाटलं होतं.

विरोध फक्त एकीने केला. तिच्या नणंदेने. नणंद इस्पितळात नर्स, बिनलग्नाची, यांच्याच घरी राहायची. नवरा दूर बंदरावर कामाला, महिन्यातून एकदा उगवायचा, त्यामुळे संसार तसा या दोघींचाच. नणंदेने कादंबरी वॉर्डातल्या एका पेशंटकडून घेऊन वाचली होती. ती मंडळात उभी राहून म्हणाली, "पण आई परत येते की एकदा. मला नीट आठवतंय."

"वन्सं, ड्युटीवर पेंगत वाचलं असेल तुम्ही," बांधणीबाई म्हणाली होती. सगळे हसले. नणंदही हसली, पण सगळ्यांच्या नंतर.

घरी भाजी निवडताना तिने पुन्हा काढलं. "अगं वहिनी, आई दारात येऊन उभी राहते. मुलगी विचारते, कोण पाहिजे? ओळखतच नाही ना. तर ती म्हणते, पत्ता चुकला. आणि जिना उतरून जाते. मला चक्क हुंदका आला होता."

"असं काही नाहीये त्यात. मी स्वतः शिवलंय ते पुस्तक, पान न् पान हाताखालून गेलंय."

पुरावा दाखवायचा तर पेशंट पुस्तकासकट घरी गेलेला. नणंद निवडलेल्या शेंगांकडे बघत राहिली. "असेल बाई. स्वप्न पडलं असेल मला." त्यानंतर ती मंडळाला आली नाही. शनिवारी ड्युटी असते म्हणाली. नसायची.

सरांनी पत्र उलगडलं, घसा साफ केला.

"'आपल्या सदस्यांनी म्हटलेलं, मधला टाका सुटल्याचं, माझ्या मनाला लागलं,'" सर वाचत होते. "'दारातला तो प्रसंग मी मुद्दाम आखडता लिहिला. आई "पत्ता चुकला" एवढंच म्हणते आणि जाते. मला वाटलं, पुरे आहे. पण आपल्यासारख्या काळजीने वाचणाऱ्यांपर्यंत तो पोचत नसेल, तर चूक माझी. दुसऱ्या आवृत्तीसाठी मी तिथे दोन पानं वाढवली आहेत. आता आई सगळं बोलते. बुधवारी मजकूर छापखान्यात जाईल. त्या बाईंना माझे आभार सांगा.'"

टाळ्या पडल्या. लोक वळून दाराकडे पाहायला लागले. "बाईंनी लेखिकेला सुधारलं," कुणीतरी म्हणालं.

"पण दारातला प्रसंग कुठला?" डॉक्टरांनी विचारलं.

"प्रतीक आहे ते," सर म्हणाले. "लेखक असंच बोलतात."

बांधणीबाईचे कान गरम झाले. पत्ता चुकला. हे दोन शब्द तिने पुस्तकात वाचले नव्हते. स्वयंपाकघरात ऐकले होते.

मंडळ पांगेपर्यंत ती कशीबशी हसत बसली, मग मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. कपाटातून ती प्रत काढली. शेंगेतले दाणे मोजावेत तशी पानांचे आकडे बघत गेली. शहाण्णव. आणि उलटल्यावर एकशे तेरा.

पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, त्यांना फर्मे म्हणतात. एकावर एक रचून पाठीत शिवायचे. रचले की मोजायचे, हे तिला तिच्या गुरूने पहिल्या दिवशी शिकवलेलं. या कादंबरीच्या सातव्या फर्म्याची घडी फाटली होती. तिने तिला पातळ कागदाची पट्टी लावली आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर वजन ठेवून, सुकायला ठेवलं. मग बाकीचे रचायला घेतले. आणि आठव्याचं पहिलं पान डोळ्यांसमोर आलं, तिथून आईची पत्रं सुरू होतात, ती वाचायला लागली. वाचता वाचता सुई ओवली. वाचता वाचताच शिवलं. मोजलं नाही.

पुठ्ठे खिडकीखालच्या फळीवर होते. तिने वजन उचललं. सातवा फर्मा आत होता, छान सुकलेला, पट्टी अगदी सफाईदार बसलेली. इतकं नीट काम तिने बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

नऊ जणांनी तो वगळून कादंबरी वाचली होती. शहाण्णवाव्या पानावर पूर्णविराम, एकशे तेराव्यावर नवं प्रकरण, आणि या लेखिकेच्या प्रकरणांना आकडे नसतात. सरांनी विद्यार्थ्यांच्या वह्यांतली पानं मोजण्यात जन्म घालवला, त्यांनाही कळलं नाही. पण हे मनाशी म्हणून काही हलकं वाटेना. बाकीच्यांनी न पाहता वाचलं होतं. तिने न पाहता शिवलं होतं, आणि वर लेखिकेला शिवण शिकवली होती.

फर्मा तिने वाचला नाही. तो वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला आणि घरी गेली.

नणंद गॅलरीत युनिफॉर्मला इस्त्री करत होती. बांधणीबाईने काही न बोलता फर्मा तिच्यापुढे ठेवला. नणंदेने इस्त्री उभी केली, पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, तिथे बोट ठेवलं.

"हे कुठे होतं?"

"माझ्याकडे. शिवायचं राहिलं."

नणंद म्हणाली, "म्हणजे मला वेड लागलेलं नव्हतं."

"नाही."

"मला वाटायला लागलं होतं गं. त्या दिवसापासून मी औषधाच्या चिठ्ठ्या दोनदा वाचते. म्हटलं, जे नाही ते दिसतंय आपल्याला."

बांधणीबाईला वाटलं, हिने आता चार शब्द सुनवावेत, आदळआपट करावी. मग तिने लेखिकेचं पत्र आणि बुधवारच्या छपाईचं सगळं सांगितलं. नणंदेने इस्त्री पुन्हा हातात घेतली. कॉलर दाबत म्हणाली, "पत्रावर नंबर असेल ना तिचा? फोन कर."

"सरांना सांगते ना, ते कळवतील."

"सर त्याचं भाषण करतील. बुधवार म्हणालीस ना? तू कर."

रविवारी सकाळी पत्रावरचा नंबर सरांकडून घेऊन तिने फोन लावला. मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. लेखिकेने "हॅलो" म्हटल्यावर त्यातलं एकही जागेवर सापडलं नाही.

"मी ती, टाका सुटला म्हणणारी."

"अरे वा, बोला की," लेखिका म्हणाली. मागे नळाचं पाणी पडत होतं. "तुमचं फार बरोबर होतं. मी तीन रात्री झोपले नाही, पण—"

"बरोबर नव्हतं. पुस्तक मी शिवते. तुमचा सातवा फर्मा मी घातलाच नाही. तो दाराचा प्रसंग आमच्यातल्या कुणी वाचलेलाच नाही."

नळ बंद झाला.

"सोळा पानं?"

"हो."

"आणि तरी तुम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचलं."

"नऊ जणांनी."

"कुणालाच काही वाटलं नाही? अडखळलं नाही कुणी?"

बांधणीबाईला इथे खोटं बोलता आलं असतं. "चौघांना अशीच आवडली," ती म्हणाली. "म्हणाले, धाडसी आहे."

लेखिका एकदम थकल्या आवाजात म्हणाली, "मी त्या आईला दोन पानं बोलायला लावलंय, बाई. तिच्या तोंडी एकेक वाक्य घालताना मला कळत होतं, ही बोलणारी बाई नाही. पण म्हटलं, वाचणारे खोटं कशाला सांगतील."

"मी काय करू?" बांधणीबाईने विचारलं.

"तुम्ही काय करणार? उद्या मी छापखान्यात कळवते, होतं तसं राहू द्या म्हणून." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमच्यात कुणीच वाचलं नाही म्हणालात."

"माझ्या नणंदेने वाचलंय. दुसरीकडून मिळवून. तिला हुंदका आला."

"आणि तिने सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं," बांधणीबाई म्हणाली. लेखिकेने पुढे विचारलं नाही. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं बांधणीबाईला दिवसभर वाटत राहिलं.

पुढच्या शनिवारी तिने नणंदेला चल म्हटलं. नणंद आढेवेढे घेत, ड्युटीवरून परस्पर, युनिफॉर्मवरच आली आणि दाराजवळ उभी राहिली. खोली पुन्हा भरलेली. सरांना लेखिकेच्या पत्राचा विषय पुढे न्यायचा होता, वाढवलेल्या दोन पानांत काय असेल यावर त्यांनी टिपणही काढलं होतं.

"सर, आधी मला बोलायचंय," बांधणीबाई म्हणाली. स्टुलावरून न उठता, मान खाली घालून तिने सांगितलं. फर्मा शिवायचा राहिला. सोळा पानं कुणी वाचली नाहीत. लेखिकेला कळवलंय. फर्मा हा असा आहे.

सर टिपणाकडे बघत राहिले. डॉक्टरांच्या गालाला रंग चढला. त्या उडीला धाडसी म्हणणारे तेच होते.

"मागे ऐकू आलं नाही," शेवटच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "काय राहिलं?"

"मोठ्याने सांगा जरा," दुसरं कुणी म्हणालं.

बांधणीबाई उठली. उभं राहिल्यावर सगळ्यांचे चेहरे दिसले. दाराकडे बघायचं तिने टाळलं होतं, पण उठल्यावर नजर तिकडेच गेली. नणंद भिंतीला टेकून आपल्या घड्याळाशी चाळा करत होती.

"पुस्तकाची सोळा पानं मी शिवली नाहीत," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्या आळसाने. आणि मग त्या पानांवरून लेखिकेला नावं ठेवली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मी त्या घेतल्या." तिने फर्मा वर धरला. "आणि आमच्या वन्सं इथे उभं राहून खरं सांगत होत्या. त्यांना मी पेंगत वाचलं म्हणाले. तुम्हाला हसवलं मी. त्यांनी बरोबर वाचलं होतं. इथे फक्त त्यांनीच अख्खं पुस्तक वाचलंय."

सगळे दाराकडे वळले. नणंदेने घड्याळावरून हात काढला. कुणीतरी सरकून पंख्याखालची खुर्ची रिकामी केली आणि तिला ये म्हणून खूण केली. ती आली नाही. दाराजवळ, मोकळ्या झालेल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "उभी काय राहिलीस वहिनी, सर वाट बघतायत."

पंख्याखालची खुर्ची पुन्हा भरली होती, बसायला आता जागा नव्हती. बांधणीबाई मंडळ संपेपर्यंत उभीच राहिली.