बारीक सूर

थर्मामीटर टीं टीं करून वाजला, तेव्हा घरात दुसरा आवाजच नव्हता. समूला ताप म्हणून कूलर बंद होता. पाच वर्षांची समू बापाच्या मांडीवर मलूल पडली होती आणि रोशननं तिचा दंड थर्मामीटरवर दाबून धरला होता. वाजल्यावरही तो तसाच धरून बसला.

"काढ नं आता," मोनाली स्वयंपाकघरातून म्हणाली.

"वाजू तं दे."

"वाजला केव्हाचा."

"मांडीवर माह्या, अन् वाजला तुह्या कानात?"

मोनालीनं ओले हात गाऊनला पुसत येऊन थर्मामीटर काढला. ताप उतरत होता. तिनं समूच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि रोशनचं बोलणं सोडून दिलं. त्याचं लक्ष समोर पडलेल्या त्याच्या माइककडे आहे हे तिला दिसतच होतं.

रोशन हिंगण्याला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबायचा. दिवसभर धाड धाड. पण वस्तीत त्याला त्या कामानं कोणी ओळखत नसे. लोक म्हणत, माउथ ऑर्गनवाला रोशन. मुठीत मावणारा तो जुना गोल माइक आणि माउथ ऑर्गन दोन्ही एकत्र धरून तो वाजवायला लागला की मांडवातल्या म्हाताऱ्या बायासुद्धा पदर सावरून पुढे सरकत. मोनालीही आधी त्या वाजवण्यालाच भुलली होती, माणूस मागाहून आवडला.

माइक आठवडाभर बंटीकडे होता. बंटी म्हणजे त्यांच्या गाण्याच्या पार्टीतला ढोलकीवाला, रोशनचा शाळेपासूनचा दोस्त. भाच्याच्या कार्यक्रमासाठी मागून नेला होता. परत आल्यापासून रोशनची एकच तक्रार. माइकवरचं व्हॉल्यूमचं बटन पूर्ण उघडलं की ठीक, पण गाणाऱ्याच्या मागे वाजवायला आवाज कमी केला की सूर गोधडीखालून आल्यासारखा.

"आतला पार्टच बदलला त्यानं," रोशन म्हणाला. "चांगला काढून घेतला, भंगार बसवून देलं. संध्याकाळी जाऊन तोंडावर विचारतो."

"बंटी असं कराचा नाही गा."

"तू काहून त्याची वकिली करून राहिली?"

समूच्या आधी मोनालीही हिंगण्यालाच जायची, सर्किट बोर्डांना सोल्डरचे डाग द्यायला. सोल्डरिंगची पेटी अजून पलंगाखाली होती. तिनं ती ओढली आणि माइक उघडला.

आत तिचाच डाग होता. मागे एकदा तार तुटली तेव्हा तिनंच लावलेला. आपल्या हातची वेणी दुसरीच्या डोक्यावरही ओळखू यावी तसा तो तिनं ओळखला. त्यावर धूळ बसली होती, आणि धुळीला कोणाचं बोट लागलं नव्हतं.

"कोणी हात नाही लावला याले."

रोशननं माइककडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं. "बंटीचा फोन आला होता का तुले?"

तिनं इस्त्री तापायला ठेवली. सोल्डरिंगच्या दांडीला कंपनीतल्या पोरी इस्त्रीच म्हणायच्या.

"अशा माइकमंधे आवाज कमी केला का शिट्टीसारखा बारीक सूर आधी मरतेच," ती म्हणाली. "बटनाच्या या दोन पायांमधे एक छोटा कपॅसिटर टाकते. फाटक लागलं तरी सायकलवाला गल्लीतून निघून जाते नं? तसं. जाडा आवाज थांबते, बारीक निघून जाते."

सांगता सांगता तिचंच बोलणं तिला टोचलं. बारीक सूर मरतोच, तर मग तो याआधीही मरत असणार. इतके दिवस रोशन याच माइकवर हळू वाजवत होता. तेव्हा का नाही बोलला?

कपॅसिटरचा डाग थंड झाला. रोशननं छोट्या ॲम्प्लिफायरला वायर जोडली, बटन खाली आणलं आणि वाजवलं. सूर असा स्वच्छ निघाला की मोनालीला त्याचा श्वाससुद्धा ऐकू आला.

"बद्दच वाजून राहिला," रोशन म्हणाला. "आणखी बारीक कर."

तिनं थोडा मोठा कपॅसिटर लावला. आता सूर सुईसारखा आला. समूनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"तसाच आहे," रोशन म्हणाला. "पाहा, भंगार आहे म्हणून सांगतलं नं मी."

मोनालीनं हातातली इस्त्री हळूच खाली ठेवली. तिला थर्मामीटर आठवला. मग कंपनीतला कान तपासायचा कॅम्प आठवला. लाइन लई मोठी होती म्हणून मी परत आलो, असं तो म्हणाला होता. आणि हल्ली आपण बोलताना तो आपल्या तोंडाकडे पाहतो, आणि ते आपल्याला आवडत होतं, हेही आठवलं.

रोशन उठून दाराशी सँडल घालायला बसला. पाठ घराकडे. समूला आता तरतरी आली होती. ती थर्मामीटर घेऊन त्याच्या मागे उभी राहिली आणि बटन दाबलं. टीं. पुन्हा दाबलं. टीं. अगदी त्याच्या मानेपाशी. तो पट्टा लावत राहिला.

"रोशन," मोनाली नेहमीच्या आवाजात म्हणाली.

तो लगेच वळला. "काय वं?"

सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. सांगितलं तर बंटी वाचला असता, शाळेपासूनची दोस्ती वाचली असती. आणि माउथ ऑर्गनवाला रोशन? तो परवाच्या इंदोऱ्यातल्या प्रोग्रामला कोणत्या तोंडानं उभा राहिला असता?

"आज नको जाऊ बंटीकडे. मी उद्या दुसरा कपॅसिटर लावून पाहते."

"तू काही तरी लपवून राहिली."

"तू नाही लपवत?"

हे तिच्या तोंडून निसटलंच. रोशननं सँडलचा पट्टा सोडला, आत आला, माइक आणि माउथ ऑर्गन उचलला आणि हळू आवाजात वाजवू लागला. समूला झोपवताना तो वाजवायचा तेच. एकही सूर चुकला नाही. पण त्याचे डोळे मिटलेले नव्हते. ते समूच्या चेहऱ्यावर होते, ती कुठे हसते, कुठे कानावर हात नेते ते टिपत.

मोनालीनं ते पाहिलं. समूनंही पाहिलं. ती सरकत आईच्या कुशीत आली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आई, बाबाले हे टीं टीं खरंच ऐकू नाही येत, का बाबा आपल्याले फसवून राहिले?"