बिनचेहऱ्याची

“तिला नको करूस,” लिनेट म्हणाली. “त्याला करा हवा तेवढा मोठा. पण तिला नको.”

टॅम्सिन पुतळ्याच्या तारेच्या जाळीवर खळ लावलेले वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवत होती. मांडी झाली होती, पोटरी व्हायची होती. हात न थांबवता तिने मान वळवली. गोदामाच्या कोपऱ्यात लिनेट बसली होती आणि तिच्या कुशीत टॅम्सिनची सात महिन्यांची एडी झोपली होती. टॅम्सिनने आधी एडीची छाती वरखाली होतेय ना ते पाहिलं. सवयच होती ती.

“अगं, टीका त्याच्यावरच आहे,” ती म्हणाली. “हिला चेहराच ठेवायचा नाही, कारण त्याला तो आठवत नाही. लोकांना बरोबर कळेल.”

“लोकांना,” लिनेट म्हणाली आणि तिने एडीचं टोपरं सारखं केलं.

टॅम्सिनने ते हसण्यावारी नेलं. ऑल्डरिंगला येऊन तिला दोन वर्षं झाली होती. गावात तिची म्हणावी अशी, एडीला रोज सांभाळणारी लिनेट एकटीच. एडीला ताप आला, शी हिरवी झाली, रडणं थांबेना, की पहिला फोन लिनेटला. पण दर पाच नोव्हेंबरच्या रात्री नावडत्या माणसांचे पुतळे जाळणाऱ्या शेकोटी मंडळाने तिला कधी विचारलं नव्हतं. यंदा विचारलं. कलाशाळेत शिकलेली पोरगी, म्हणून.

कारणही तसंच होतं. ऑक्टोबरच्या शेवटी राजघराण्यातले ड्यूकसाहेब टीव्हीवर आले होते. एका मित्राच्या घरी, मेजवानीनंतर, एका सतरा वर्षांच्या मुलीशी ते कसे वागले, ते सगळ्या देशाला माहीत झालं होतं. आपली बाजू मांडायला साहेब स्वतःहून कॅमेऱ्यासमोर बसले आणि म्हणाले, छे, त्या संध्याकाळी मी ऑल्डरिंगला होतो, भाज्यांच्या प्रदर्शनात. सगळ्यात मोठ्या भोपळ्याला बक्षीस दिलं मी. तो भोपळा मला अजून स्पष्ट आठवतो. ती मुलगी मात्र आठवत नाही. चेहरा तर मुळीच नाही.

 

दुसऱ्या दिवसापासून ऑल्डरिंगमध्ये दुसरा विषय नव्हता. बेकरीवाल्याने काचेत भोपळा ठेवून त्याला मुकुट घातला. शाळेच्या फाटकापाशी बायका पोट धरधरून हसत होत्या. बाहेरगावचे लोक येऊन प्रदर्शनाच्या मैदानावर फोटो काढू लागले.

“टीव्हीवर गावाचं नाव आलं ते शेवटी भोपळ्यामुळे,” मंडळाचा अध्यक्ष क्लाइव्ह म्हणाला. तो शिडीवर चढून ड्यूकच्या डोक्यात फटाके भरत होता.

“मग काय तुझ्या तोंडामुळे येणार होतं?” खालून त्याची बायको म्हणाली.

“तोंडाचं काय घेऊन बसलीस? त्याने तोंड उघडलं नसतं तर सुटला असता गडी. कुणी सांगितलं होतं बोलायला?”

“लहानपणी आईने दोन ठेवून दिल्या असत्या, तर बोलला नसता.”

“लहानपणी आई कुठे भेटते त्यांना? भेटीची वेळ घ्यावी लागते.”

सगळे हसले. टॅम्सिनही हसली. पाटी रंगवणाऱ्या माणसाने ब्रश उचलून विचारलं, “त्या पोरीचं नाव काय रे?”

कुणालाच आठवेना.

“राहू दे,” क्लाइव्ह म्हणाला. “‘आणि ती’ एवढंच लिही.”

लिनेट उठली. एडीला टॅम्सिनच्या हातात दिलं, डोक्यावरून शाल घेतली आणि निघून गेली.

पाच नोव्हेंबरला दुपारपासून भुरभुर पाऊस होता. टॅम्सिनने आपण केलेली मुलीची आकृती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, सांध्यांना चिकटपट्टी लावली, रात्रभर गोदामात हीटर ठेवला होता तो वेगळाच. तीन मजली ड्यूक झाकायला एवढं मोठं कापड कुणाकडे नव्हतं. तो भिजत उभा राहिला, एका हातात भोपळा, ओठांवर हसू.

संध्याकाळी मशाली निघाल्या. पट्टेरी सदरे घातलेली मंडळाची माणसं जळती डांबराची पिंपं ओढत गल्ल्यांतून गेली. मैदानात गर्दी इतकी, की लिनेटने एडीला आपल्याकडे घेतलं. येणार नाही असं वाटत होतं, पण ती आली होती. एडीसाठीच आली होती बहुधा.

आधी मुलीला पुढे आणलं. प्लॅस्टिक निघालं, आणि मशालींच्या उजेडात तिचा गुळगुळीत पांढरा चेहरा दिसला.

“नाव काय गं तुझं?” कुणीतरी ओरडलं.

“नाव काय गं तुझं?” मैदानभर तेच सुरू झालं. बायकाही ओरडत होत्या. एका पोरगेल्या माणसाने तिच्या तोकड्या झग्याखाली फटाका फेकला आणि ती पेटली. कोरडी होती, हलकी होती. बघता बघता तारांची जाळी उरली. टाळ्या पडल्या.

“तुझंच ना काम?” क्लाइव्हने टॅम्सिनच्या पाठीवर थाप मारली. “झकास पेटली!”

मग ड्यूकला आग लावली. वात फुसफुसून विझली. दुसऱ्यांदा बाहीतून थोडा धूर आला. क्लाइव्हने रॉकेल ओतलं, शिव्या घातल्या, पुन्हा रॉकेल ओतलं.

“महाराज काही पेटेनात!”

“शाही माल आहे, बाबा!”

लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग हसत हसत ते सॉसेजच्या गाड्यांकडे वळले. ड्यूक तसाच उभा होता. ओठांवर काजळी धरली होती, पण हसू जागच्या जागी होतं.

टॅम्सिनने मागे पाहिलं. लिनेटने एडीचं तोंड आपल्या खांद्यात घट्ट दाबून धरलं होतं, आणि ती त्या उघड्या जाळीकडे बघत होती.

“लिनेट, तिला श्वास...”

लिनेट दचकली. तिने एडीला पुढे केलं. “घे.”

“काय झालं?”

“कोर्टात तोही हेच म्हणाला होता. चेहरा आठवत नाही.” लिनेट अगदी नेहमीच्या आवाजात बोलली, दूध किती प्यायली ते सांगावं तशी. “मी सोळा वर्षांची होते. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. याच गावचं.”

“कोण म्हणाला? लिनेट!”

पण लिनेट गर्दीत शिरली होती. मधून जळतं पिंप गेलं. कडेवर मूल घेऊन टॅम्सिनला पलीकडे जाता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिनेट एडीला घ्यायला आली नाही. फोन वाजत राहिला. टॅम्सिनने दार वाजवलं, दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून हाक मारली. आत पावलं वाजल्यासारखी वाटली आणि थांबली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पावलंही वाजली नाहीत.

घरी येऊन तिने फोन उघडला. गावाच्या ग्रुपवर मुलगी पेटतानाचा व्हिडिओ सगळ्यात वर होता. खाली हसणारे चेहरे. तिने माफीची दोन वाक्यं लिहिली आणि पुसली. एडी तिच्या मांडीवर मुठी चोखत होती. मग तिने लिहिलं:

“चॅपल गल्लीच्या टोकाला लिनेट प्रायर राहते. तुमच्यापैकी कित्येकांची मुलं तिने सांभाळली आहेत. दोन दिवस ती दार उघडत नाही. स्वयंपाकघरातला दिवा भर दुपारीही जळतो आहे. माझ्यासाठी ती उघडायची नाही, आणि ते बरोबरच आहे. आज तुम्ही कुणी त्या बाजूने जाणार असाल, तर थांबा. दार वाजवा, हाक मारा. ती आतून ओ देईपर्यंत तिथून हलू नका.”